चौकाकडे तोंड असलेली खोली

...आणि वर लोक मलाच म्हणतात, "नाना, तुम्ही असं वागायला नको होतं!" अहो, पण मी केलं काय? भाडेकरूला खोली दिली! आमच्या चांदे गावात घरटी चार खोल्या भाड्याने आहेत, तो काय गुन्हा झाला? तुम्हाला सांगतो, मी सूड घेणाऱ्यातला माणूसच नाही!

झालं असं, की माझी दिशा, एकुलती एक, हिंजवडीत इंजिनियर. एके दिवशी मनीषसर म्हणून तिथले एचआर, म्हणजे माणसं घ्यायची आणि काढायची एवढंच ज्यांचं काम, त्यांनी तिला आत बोलावलं आणि साखरेत घोळून म्हणाले, "दिशा, आपण सगळे एक फॅमिली आहोत... तर उद्यापासून येऊ नका." फॅमिली! अहो, आमची भावकीसुद्धा माणसाला बाहेर काढायच्या आधी कोर्टात तरी जाते! गळ्यातलं कार्ड काढून घेतलं, पोरगी दुपारी घरी.

बरं, नोकरी गेली ते परवडलं, पण गाव? चौकात पाऊल टाकलं की गोजराबाई, "काय गं दिशे, आज बी सुट्टी व्हय?" किराणावाला हाफीज, "ताई, अजून न्हाई लागलं काम?" मायेनंच विचारतात हो, पण रोज? पोरीनं घराबाहेर पडणं सोडलं. तिची आई असती तर तिनं गोजराबाईला एका वाक्यात गप्प केलं असतं. मला ते जमत नाही.

आणि एक दिवस दारात कोण? साक्षात मनीषसर! त्यांच्या फॅमिलीनं त्यांनाही काढलेलं! "काका, स्वस्तातली एखादी खोली मिळेल?" दिशा खिडकीतून पुटपुटली, "नाना, हाच तो." मागे आंब्याखाली दोन खोल्या रिकाम्या, गार, निवांत. मी कुठली दिली? चौकाकडे तोंड असलेली! मी सूड घेणाऱ्यातला नाही, पण दार उघडलं की समोर अख्खं गाव, अशी सोय कुठं मिळते सांगा!

दुसऱ्या दिवशीच सुरू! "काय सायेब, आज बी घरीच?" "लई शिकलेलं दिसताय, मग काढलं कशापायी?" तो म्हणाला, "काढलं नाही मावशी, करिअर ब्रेक घेतलाय." गोजराबाई म्हणते, "मंजी काढलाच की!" मी आत बसून चहाचा दुसरा कप घ्यायचो. आणि गंमत बघा, सगळं गाव त्याच्या मागे लागलं, तशी माझी पोरगी पुन्हा चौकातून हिंडायला लागली!

पण आमच्या गावाची एक खोड आहे... विचारून विचारून थकलं, की गाव स्वतःच कामाला लागतं! गोजराबाईनं पुतण्याला, कैलासला पिटाळलं. तो पिरंगुटच्या कारखान्यांना माणसं पुरवतो. त्यानं साहेबाला एका कारखान्यात चिकटवला. कुठल्या कामावर? माणसं घ्यायच्या! माझ्या पाया पडला, पेढा भरवला. मी सूड घेणाऱ्यातला नाही, पण तुम्हाला सांगतो, तो पेढा अजून इथंच अडकलाय... इथं!

परवा त्याच कारखान्यातून दिशाला मुलाखतीला बोलावणं. समोर कोण, सांगायला हवं? आणि विचारतो काय? "मॅडम, मधल्या काळात तुम्ही घरी का होतात?" अरे, तू? तू विचारतोस?

"मग गं?" ती घरी आल्यावर मी म्हटलं.

"मग काय, मी म्हणाले, सर, सुरुवातीचं कारण तुम्हालाच माहीत. पुढचं म्हणाल, तर आपण दोघं एकाच अंगणात घरी होतो. तुम्ही आमच्या पुढच्या खोलीत, मी आतल्या."

"आणि नोकरी?"

"नाही मिळाली, नाना. पण त्याचं तोंड बघायला हवं होतंत!"

आता बोला! सूड घेतला की पोट भरतं, असं कोण म्हणतं? साफ खोटं आहे हो... मी थापलेल्या त्या वाकड्यातिकड्या भाकरी, पण त्या दिवशी आम्ही बापलेकीनं दोन-दोन जास्त खाल्ल्या, आणि दुसऱ्या दिवसाचं पीठ त्याच रात्री संपलं!