डीनसाहेबांची सोनेरी आवृत्ती

(कैरोतलं शुब्रा. निवृत्त प्राध्यापिका नफीसाबाईंचं घर. समोर त्यांचा जुना विद्यार्थी शफीक. आता विद्यापीठात हंगामी शिक्षक.)

नफीसा : हे पुस्तक आहे की मिठाईचा डबा?

शफीक : बाई, डीनसाहेबांनी संपादित केलेल्या जुन्या अरबी कविता आहेत. उघडून तरी बघा.

नफीसा : बघितलं. बाहेर सोनेरी वेलबुट्टी, आत गुळगुळीत कागद. पाठभेद कुठे गेले? तळाला एक टीप नाही!

शफीक : डीनसाहेब म्हणतात, पोरं टिपांना घाबरतात.

नफीसा : पोरं कशाला, तोच घाबरतो. टिपा द्यायच्या तर हस्तलिखितं वाचावी लागतात.

शफीक : तीन वाचली, असं प्रस्तावनेत लिहिलंय.

नफीसा : प्रस्तावनेत काय, मी नाईलमधल्या मगरीशी लग्न केलं असंही लिहीन.

शफीक : एम.ए.ला हीच लावायचीय. शिफारस माझी, पण मी हंगामी; खाली तुमच्यासारख्या जुन्या प्राध्यापिकेची सही हवी.

नफीसा : नाही केली तर?

शफीक : मला कायम करायचं की नाही, ते याच महिन्यात ठरतंय. ठरवणार डीनसाहेब.

नफीसा : अस्सं! म्हणजे तुझ्या नोकरीपायी हजार वर्षांपूर्वीच्या कवीनं जीभ कापून द्यायची.

शफीक : मला दोन मुली आहेत, बाई. तुम्हाला पेन्शन आहे, तुम्हाला बोलायला काय जातंय!

नफीसा : ...तेही खरंच. आण पेन. त्याआधी ती मैफलीची कविता वाच. मोठ्यानं.

शफीक : वाचतो. "भर सखे, प्याला भर, पहाट व्हायच्या आत... दूध..."

नफीसा : का थांबलास?

शफीक : इथे मद्य होतं.

नफीसा : त्यानं दूध ओतलं. सोवळा माणूस! वाच पुढे.

शफीक : वृत्त मोडतंय. ओळ लंगडतेय.

नफीसा : त्याला ऐकू येत नाही. तुला येतं, हा माझ्या शिकवणीचा दोष.

शफीक : एका शब्दाचा तर प्रश्न आहे...

नफीसा : हो ना. कवी दूध पिऊन झिंगला, भर दरबारात सुलतानाला शिव्या घातल्या, तुरुंगात गेला. शिकव पोरांना असंच. कुठेय पेन?

शफीक : राहू द्या.

नफीसा : मग लावणार कुठली?

शफीक : तुमच्या कपाटातली जुनी. निम्मं पान टिपांचं असलेली.

नफीसा : बांधणी सुटलीय तिची.

शफीक : झेरॉक्स काढायला बरंच ते.

नफीसा : आणि त्या गाढवाला काय सांगशील?

शफीक : वाचताना अडखळलो, असं सांगेन.

नफीसा : नोकरी जाईल, शफीक.

शफीक : जाईल. आज घरी सांगायला हवं.