गच्चीवरचं ऊन

पनवेलच्या एसटी स्टँडवर नीता उरणच्या गाडीची वाट बघून कंटाळली होती. पुढे दोन कोळणी उभ्या होत्या, मैना आणि तिची धाकटी जाऊ. नीताचा कान आपसूक तिकडे गेला.

"वयनी, तुमच्याकडं सोलरवाला आलता म्हनं?"

"आलता ना. आमच्या शैलेशला वीज सूर्याची पायजे. गच्चीभर प्लेटा लावल्यावर मी जवला कुठं सुकवू? त्याच्या डोक्यावर?"

"मग?"

"त्या मानसानं मलाच इचारलं, मावशी, दिवसभर ऊन कुठं असतं?"

"तीस वरसं मासली सुकवताव. तुमाला नाय तं कोनाला ठाव?"

"म्हनून तं टाकीमागं नेऊन उभा केला."

"अगो बाय! तिथं तं फडकं सुकत नाय."

"त्यानं तेच लिवलं. ऊन कमी, घर बाद."

"नि शैलेश?"

"दुसऱ्या दिशी माझ्यासंगं जवला पालटाया बसला. घामानं भिजला. वर बघतो, टाकीकडं बघतो, माझ्याकडं बघतो."

"समजलं वाटतं त्याला!"

"बोलला, आये, त्या मानसाला परत बोलवू?"

"तुमी काय बोललाव?"

"बोलव की. पावसाल्यात बोलव."