चौथी काच

…नाही, खुर्ची तिथं नको, इकडं दाराजवळ ओढ — आणि पेनाला टोपण लाव आधी, कागद कुठं पळून चाललाय? 'भिंत स्थिर आहे' एवढं लिहायला तुला कितीसा वेळ लागणार? पण त्याआधी एक गोष्ट ऐक. चहाला नको म्हणालीस, चालेल, गोष्टीला नको म्हणायचं नाही. अर्ध्या तासानं तुझं ऑफिस काही बुडत नाही.

तर काय झालं, एका घरात राहायचा एक गवंडी, राहायची त्याची म्हातारी, राहायची त्यांची सून, आणि सुनेची चार महिन्यांची लेक. मुलगा होता, पण तो दूर कामावर — त्याला गोष्टीत ओढायला नको, त्याला फोनवरसुद्धा 'सगळं बरं आहे' एवढंच कळवायचे. गवंड्यानं जन्मभर लोकांची घरं बांधली आणि पन्नाशी उलटल्यावर एक स्वतःचं. सुटीच्या दिवशी, एकट्यानं, वीट वीट करून. त्या घराची मागची भिंत लांब, दोन्ही खोल्यांना पुरणारी — बाहेरच्या खोलीत तिच्यासमोर गवंड्याची खाट, आतल्या खोलीत तिच्या कडेला नातीचा पाळणा. पाहुणा आला की गवंडी आधी भिंत दाखवायचा, मग नात. ओळंबा लावून बघा, रेसभर कललीय का, म्हणायचा. आता पाहुणा काय खिशात ओळंबा घेऊन हिंडतो? पण ह्याच्या उशाशी असायचाच.

मग शेजारच्या मोकळ्या जागेत खोदाई लागली. मोठी इमारत उठायची म्हणून खड्डा — केवढा, तर गवंड्याचं अख्खं घर आत ठेवून वर झाकण लावावं. आणि भिंतीला चीर गेली. पहिल्यांदा केसाएवढी, मग सुतळीएवढी. पालिकेच्या ऑफिसातले एक साहेब आले, बोट फिरवलं, आणि बूट घालता घालता म्हणाले, हलत असेल तर घर रिकामं करावं लागेल. बूट घालता घालता. तोंडात आला शब्द, टाकला, गेले. गवंडी ताटावर बसला होता. घास उचलला आणि हात तसाच खाली आला. उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, वयही आहे, दाबही होता. असेल. पण म्हातारीनं तो शब्द ऐकला होता आणि तो हात खाली येताना पाहिला होता, तिला डॉक्टरांचं काय पटणार?

मग एक पोरगी आली ऑफिसातून. तुझ्यासारखीच, हाडकुळी. चिरेवर आडवी काचेची पट्टी लावली, दोन्ही टोकांना प्लास्टर थापलं, आणि म्हातारीला समजावलं — भिंत हलली तर काच तडकेल, नाही तडकली तर भिंत थांबली. महिन्यातून एकदा मी येईन, तिसऱ्या खेपेला काय ते कागदावर लिहीन. छान समजावलं, काही दोष नाही. फक्त काच लावली कुठं, तर गवंड्याच्या खाटेसमोर. दिवसभर तो काचेकडं बघत पडायचा आणि म्हातारी त्याच्याकडं.

आठव्या दिवशी तडकली. दुपारी तो झोपला होता, म्हातारी तांदूळ निवडत बसली होती, आणि 'टिक' झालं — बांगडी वाढवावी तेवढासा आवाज. तिनं काय करावं? सुनेला सांगावं, ऑफिसात जावं? शहाण्या बाईनं तेच केलं असतं. हिनं भिंतीवरचा एक फोटो उतरवला, काच काढली, फ्रेमवाल्याकडून तिची पट्टी कापून आणली, गवंड्याच्याच पिशवीतलं पांढरं सिमेंट कालवलं आणि तो जागा व्हायच्या आत लावून टाकली. बोटांनी थापली, काठ ओबडधोबड. तू आल्याआल्या विचारलंस ना, आजी, तुमच्या फोटोंना काचा कशा नाहीत? मी म्हटलं, पुसायला बरं पडतं. — मी नाही, म्हातारी. म्हातारी म्हणाली. गोष्टीत राहू दे मला, मधेच बाहेर काढू नको.

आता तू म्हणशील, काच बदलली म्हणून भिंत थांबते का? कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? माझी आई हेच म्हणायची. पण ऐक की. त्या दिवशी गवंडी जागा झाला, काचेकडं बघितलं, बघत राहिला, आणि म्हणाला, काठी दे. पंधरा दिवसांत पहिल्यांदा पाय जमिनीला लावला त्यानं. दुसरी तडकली, तिसरी लावली, तो दारापर्यंत गेला. डॉक्टर म्हणाले, आश्चर्य आहे. म्हातारीला कसलं आश्चर्य? तिच्या लेखी हिशेब सरळ होता — काच अख्खी तर माणूस अख्खा. तिसरीही तडकली, तिनं चौथीही फोटो उतरवून लावली असती — ते पुढं सांगते. भिंतीला कान असतात म्हणतात. त्या भिंतीला नसावेत, म्हातारी रोज तिला म्हणायची, तू हलत नाहीस, तुला काही झालेलं नाही. ती आपली चालली होती खड्ड्याकडं.

नाही, थांब, अशी बघू नको माझ्याकडं. नातीचं काय, हेच ना? म्हातारी इतकी आंधळी नव्हती. दुसरी काच तडकली त्याच दिवशी तिनं पाळणा पलीकडं सरकवला होता. सुनेला म्हणाली, वारा लागतो पोरीला. सून म्हणाली, आई, खिडकी तर इकडं आहे, वारा कुठून येणार? सुनेनं चिरेवर तळहात धरला, तसाच धरून ठेवला, आणि पाळणा होता तिथंच राहू दिला. म्हणजे बघ, तोंड 'नाही, नाही' म्हणत होतं आणि हात पाळणा सरकवत होते. मला कुणी विचारलं तर मी सांगेन, नाकारायचं ते तोंडानंच नाकारता येतं माणसाला, हातांना खोटं जमत नाही. पण पाळणा हातभर सरकवला म्हणून काय झालं? आख्खी भिंत आली तर हातभरानं काय व्हायचं होतं? हे मी कुणाला बोलले नव्हते. सुनेलासुद्धा नाही.

तर काल संध्याकाळी तिसरी तडकली. मी कानांनी ऐकली. म्हटलं, सकाळी लावू, फोटो एकच उरलाय, आमच्या लग्नाचा. सकाळी उठले, बघते तर काच अख्खी.

काय समजायचं? क्षणभर वाटलं, बाई, जिंकलीस. इतक्यांदा नाही म्हटलंस, शेवटी भिंतीनं ऐकलं. हसू नको. तशी वेळ तुझ्यावर आली की तुलाही वाटेल. मग जवळ गेले. लग्नाचा फोटो बिनकाचेचा. आणि पट्टीची टोकं — माझ्यासारखी थापलेली नाहीत, गवंडीकामाच्या करणीनं ओढलेली, सुरीसारखी धार. पण ओढ उलटी. डाव्या हाताची. आता ते डाव्या हातात काठी धरतात. डाव्या हातात करणी असेल तर काठी कुठं होती? कुठंच नव्हती. माणूस काठीशिवाय उभा राहिला होता, छातीएवढ्या उंचीवर काम करत, मला जाग येऊ न देता.

मी विचारलं, काच कुणी लावली? तर म्हणाले, "आधीच्या दोन ज्या बाईनं लावल्या तिला विचार. हात फार वाईट आहे तिचा."

म्हटलं, कधीपासून ठाऊक आहे? म्हणाले, "भिंत मी बांधली. ती कण्हते ते मला कळणार नाही? तू काच लावत होतीस तेवढे दिवस मला मिळत होते. ह्या घरातून मला खाटेवर बाहेर जायचं नव्हतं. एक दिवस कमी पडत होता, तो माझा मी लावला."

मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, तुमच्या एका दिवसासाठी पोर भिंतीखाली? माझ्याही पन्नास दिवसांसाठी होतीच की, पण तेव्हा ते आठवलं नाही मला. ते उठले, पाळण्यातून नातीला काढलं, आणि उंबऱ्याबाहेर गेले. सुनेनं गाठोडी बांधली, बहिणीकडं ठेवायला गेली. मी तुझी वाट बघत थांबले. तू यायचीस, अख्खी काच बघायचीस, स्थिर म्हणून लिहायचीस, आणि आम्ही त्या कागदाच्या भरवशावर पुन्हा आत यायचो — मला माझी खात्री नाही ना, पोरी. कागद हातात आला असता तर मी आले असते. म्हणून आत्ताच लिही, माझ्यासमोर. भिंत हलते. मोठ्या अक्षरात लिही, मला वाचता येत नाही, पण मोठं दिसू दे. तीन वेळा काच बदलली तेही लिही, मला काय करायचं ते करू देत तुझ्या साहेबांना.

थांब.

नाही, काही नाही. जुनं घर आहे, दुपारचं तापलं की वासे — नाही. वासे नाहीत. भिंतच आहे. ऊठ. पिशवी राहू दे, कागद तेवढा घे. फोटोकडं काय बघतेस, राहू दे तो, ज्यांचा आहे ते बाहेर उभे आहेत — ते बघ रस्त्यापलीकडं, काठी खांबाला टेकवलीय आणि पोर उजव्या हातावर घेतलीय. उजव्या. हो पुढं. मी आलेच — नाही, तुझ्याबरोबरच येते. चल.