सगळे आत, सर्व ठीक

चार वाजून सतरा मिनिटांनी सुरू झालं हो सगळं, आणि ती वेळ विसरायची म्हटली तरी विसरता येणार नाही, कारण वहीत ती मीच लिहिलीय, गोल गोल अक्षरात, आणि पुढे काय लिहिलंय, तर 'सगळे आत, सर्व ठीक'... काय ठीक? डोंबलाचं ठीक!

तुम्हाला सांगते, आमच्याकडे एक रविवार सोडून दुपारी अंतराळयानाचा खेळ असतो. यान कुठंय? कुठंच नाही! जेवणाचं टेबल, चार माणसं, जमलं की फसलं ते ठरवायला मूठभर फासे आणि बाकी सगळी तोंडाची वाफ! नवरा कॅप्टन, समोरचे औषधवाले काका रस्ता दाखवणार, नणंद इंजिन सांभाळणार, आणि चित्रकलेचे मास्तर खेळ चालवणार, म्हणजे संकटं आणणार. मी आपली चहा देणारी. तर नणंदच म्हणाली, "वहिनी, काय सुंदर अक्षर आहे गं तुझं, यानाची नोंदवही तू ठेव!" सातवी शिकलेल्या बाईला एकदम हुद्दा! मी वहीला कव्हर घातलं हो, खाकी कागदाचं!

आणि मास्तरांचा नियम ऐका, घसा खाकरून सांगतात, "वहीत आहे ते घडलं. वहीत नाही ते घडलंच नाही."

तर त्या दिवशी नणंद म्हणाली, "मी दोरी बांधून बाहेर उतरते, तुटलेली तार जोडते." फासे पडले... आणि आतल्या खोलीत बाळ खोकलं. एकदाच! पण माझा जीव तो केवढा, पळालेच, नाकाशी बोट धरून उभी राहिले, श्वास चालूय ना, चालूय, उजव्या नाकपुडीनं चालूय, पण मग डावीचं काय?... परत येते तर सगळे खो-खो हसतायत, फासे आवरतायत, खेळ संपला! विचारायचं ना, बाहेर गेलेली आत आली का म्हणून? पण लाज! शाळेतही बाईंनी "समजलं का?" विचारलं की पहिली मान माझी हलायची, म्हणून तर सातवीच! दिलं लिहून... सगळे आत, सर्व ठीक.

पंधरा दिवसांनी कुणाला काय आठवतंय? त्यात नणंदेला यायला उशीर. मास्तरांनी वही वाचली, नवरा म्हणाला, "सगळे आत ना? मग सोडा यान!" सुटलं! तोच दारात नणंद, चप्पलसुद्धा काढली नाही, "अरे दादा, मी बाहेर लटकतेय की!"

मास्तरांनी वही पुढे केली. "दोन वर्षं जपलंय मी माझ्या इंजिनवालीला, ती कुठंय ते विसरेन का मी?" नणंद म्हणाली, "वहिनी, तू सांग, आले होते मी आत?"

आता इथं... इथं जमिनीनं मला पोटात घेतलं असतं ना, तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "ताई, तुम्हीच नाही का म्हणालात, आले म्हणून?"

खोटं! ठार खोटं! भांडली असती तर परवडलं असतं हो, पण ती म्हणाली, "म्हणाले असेन बाई... हल्ली लक्षात राहत नाही माझ्या." फासे पर्समध्ये टाकले आणि गेली. जिनं माझ्या बाळंतपणात रोज येऊन माझी वेणी घातली, तिला मी विसरभोळी ठरवलं! कशासाठी? खाकी कव्हरासाठी!

शेवटी परवा वही काढली. खोडायचं नाही, हाही नियमच, एक रेघ मारून खाली खरं लिहायचं आणि सही करायची. लिहिलं, 'चार सतरा. एक माणूस बाहेर. नोंद ठेवणारी बाळापाशी होती. विचारायला लाजली. पुढे खोटंही बोलली.' मास्तरांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला, म्हणाले, "म्हणजे ती अजून दोरीला आहे. हवा सहा तासांची. यान मागे फिरेल, पण आत यायचे फासे तिचे तिलाच टाकावे लागतील."

आणि ती माझा फोन उचलत नाही! दातांच्या दवाखान्यात नंबर लावून घ्यायला बसते ती. कुणाची दाढ दुखत असेल, नसेल दुखत तरी दुखवा, पण जा आणि सांगा, रविवारी साडेतीनला फासे घेऊन या, विसरलात ते तुम्ही नाही, खोटी तुमची वहिनी. आणि विचारलंच तिनं, वहिनी कशी आहे म्हणून, तर सांगा... आता काय सांगणार... सांगा, सर्व ठीक.