चाकाखालची कोरडी फरशी

जबाब देणार: अपघातात मयत झालेल्या इसमाच्या पत्नीचा धाकटा भाऊ, वय ३४ वर्षे, व्यवसाय गाड्यांच्या फोटोंवर संगणकावर काम करणे, राहणार बेकरीच्या मागची गल्ली, दुसरा मजला.

कोणी न बोलावता ठाण्यात हजर होऊन समक्ष सांगतो की,

मी सहा वर्षांपासून जुन्या गाड्या विकणाऱ्या एका यार्डासाठी काम करतो. यार्डातून गाडीचे फोटो माझ्याकडे येतात. त्यात मागे भिंत, बादल्या, पाण्याचा पाइप, कोणाची तरी चप्पल असे काय काय असते. मी गाडी कापून वेगळी करतो, बाकीचे सर्व काढून टाकतो आणि खाली करडी फरशी टाकतो. नुसती गाडी फरशीवर ठेवली तर ती हवेत तरंगल्यासारखी दिसते, म्हणून सावली टाकावी लागते. टायर टेकतो तिथे गडद, बाहेर जाताना फिकट आणि धूसर. बॉनेटवर उजेड ज्या बाजूने असेल त्याच्या उलट बाजूला. मूळ फोटोतली सावली आम्ही कधीच ठेवत नाही, कारण तिच्यात जमिनीची घाण मिसळलेली असते. धंद्यात याला खोटेपणा म्हणत नाहीत, सफाई म्हणतात. मीही सफाईच म्हणत होतो.

गेल्या महिन्याच्या ४ तारखेला एका पांढऱ्या छोट्या गाडीचे नऊ फोटो आले. ते मी त्याच दिवशी संध्याकाळी पूर्ण केले. एका फोटोला सात-आठ मिनिटे लागतात. दिवसाला चाळीसेक फोटो होतात. त्या गाडीत काही वेगळे दिसल्याचे मला आठवत नव्हते.

९ तारखेला माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, त्याच गाडीचा जाहिरातीतला फोटो मला मोबाईलवर पाठवला आणि विचारले, "अरे, तुमच्या यार्डातली आहे. कशी वाटते?" मी फोटो मोठा करून टायरच्या कडा पाहिल्या. सावली चांगली बसली होती. मी लिहिले, "माझ्याच हातचा फोटो आहे. गाडी मस्त. डोळे झाकून घ्या."

थोड्या वेळाने दाजींचा फोन आला. ते मला चित्रकार म्हणत. ते म्हणाले, "काय चित्रकार, कामात आहात की चित्रात? जुनी गाडी घेताना खाली वाकून बघावं म्हणतात. काही गळतंबिळतं का? तुम्ही याल का सोबत?" मी म्हणालो, "दाजी, मला मान वर करायला वेळ नाही. फोटोत फरशी बघा की. लख्ख कोरडी आहे." ते म्हणाले, "मग प्रश्नच मिटला."

ती फरशी मीच टाकली होती. बोलताना हे माझ्या डोक्यात आले नाही.

१२ तारखेला त्यांनी गाडी घेतली. मी गेलो नाही. दाजींचा उजवा गुडघा दुखरा असल्याने त्यांनी खाली वाकून पाहिले नसावे, असे मी समजतो. शिवाय यार्डात सकाळी सगळ्या गाड्या धुतात, त्यामुळे जमीन ओलीच असते.

२७ तारखेला सकाळी साडेदहाच्या सुमारास पाण्याच्या टाकीच्या उतारावर ती गाडी थेट खालच्या दगडी भिंतीवर गेली. गाडीत दाजी एकटे होते. मला पावणेबाराला कळले. मी फोन ठेवला आणि हातातला फोटो पूर्ण केला.

दाजी अतिशय सावकाश गाडी चालवत. घरात त्यावरून चेष्टा चाले. ताई म्हणायची, "यांच्यासोबत निघायचं तर जेवणाचा डबा बांधून घ्यावा लागतो. सायकलवाले मागे वळून तब्येत विचारतात." म्हणून, भरधाव चालवल्याने अपघात झाला असे यार्डाच्या मालकांनी लिहून दिल्याचे कळताच ताई रोज या ठाण्यात येऊ लागली. तिला फक्त तेवढी एक ओळ खोडून हवी होती.

काल मी तिच्यासोबत आलो. गाडी तपासणारे मेकॅनिक हजर होते. ते म्हणाले, "मागच्या उजव्या चाकाच्या आतून ब्रेक ऑइल गळत होतं. हे चार दिवसांचं गळणं नाही, जुनं आहे." त्यावर ठाण्यातल्या साहेबांनी, यार्डाच्या मालकांकडून पुरावा म्हणून आलेला फोटो काढून दाखवला. विक्रीच्या वेळी गाडीखालची फरशी पूर्ण कोरडी होती, असे मालकांचे म्हणणे. फोटो मोठा करून छापलेला होता, वर शिक्का होता. ताई तो हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "खरंच रे, एक थेंब नाही."

घरी जाऊन मी मूळ फोटो उघडले. महिना झाला की आम्ही ते पुसून टाकतो. हे पुसायला दोन दिवस बाकी होते. पाच फोटो सकाळचे आहेत, चार दुपारचे. सकाळी गाडीची सावली भिंतीच्या बाजूला आहे, दुपारी फाटकाच्या बाजूला. पण मागच्या उजव्या चाकाच्या आत वीतभर काळा डाग आहे, तो सकाळी जिथे आहे तिथेच दुपारी आहे, फक्त थोडा मोठा झालेला. सावली उन्हाबरोबर फिरते. हा डाग फिरलेला नाही. सावलीचे काम करून पोट भरणाऱ्या माणसाला हे एका नजरेत कळायला हवे होते. मी तो नऊही वेळा सावली समजून पुसला आणि वर माझी सावली टाकली.

संध्याकाळी मी मालकांना फोन केला. ते म्हणाले, "तू सफाई केलीस, मी गाडी विकली. आता उगाच जमीन उकरू नकोस. गेलेलं माणूस तुझ्याच घरचं आहे. बहिणीला काय तोंड दाखवशील?" मी म्हणालो, तेच दाखवायला जातो आहे.

नऊ मूळ फोटो आणि मी केलेले नऊ फोटो आज पेनड्राइव्हमध्ये हजर करत आहे. दाजी भरधाव नव्हते. गाडीला ब्रेकच उरला नव्हता, आणि जो डाग हे ओरडून सांगत होता तो या हातांनी पुसला. ताईला यातले काहीही ठाऊक नाही. मी मदतीला आलो आहे अशा समजुतीने ती बाहेर बाकावर बसली आहे.

लिहून झाल्यावर जबाब मोठ्याने वाचावा लागतो, असे हवालदारांनी सांगितले. दार बंद करू का, असेही त्यांनी विचारले. मी नको म्हणालो आणि ताईला आत बोलावण्याची विनंती केली. ती आली. तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. तिच्यासमोर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचन झाले.

काही दुरुस्ती आहे का, असे विचारले असता मी नाही म्हणालो. ताईने एक दुरुस्ती सांगितली. गाडी घेतली त्या दिवशी यार्डात दाजी गुडघा टेकून मागच्या चाकापाशी वाकले होते. तिनेच त्यांच्या दंडाला धरून त्यांना उठवले आणि ती म्हणाली, "उठा, पँट भिजेल. माझ्या भावाने बघितलंय सगळं." दाजी हसून उठले.

हे तिच्या शब्दांत लिहून घेतले. पुन्हा वाचले. दोघांनी ऐकले. आता जबाबात चुकीचे काही नाही, म्हणून खाली माझी सही आणि तिच्या सांगण्यावरून तिचीही.