साहेबांनी दिलेले यंत्र

दि. १९ नोव्हेंबर. वय ४४ वर्षे, व्यवसाय श्रवण-तपासनीस, राहणार रुग्णालयाची कर्मचारी वसाहत, खोली क्र. ९.

समक्ष हजर राहून सांगते की, हा जबाब मी त्याच दिवशी द्यायला हवा होता. अकरा दिवस गप्प बसले, त्याबद्दल दिलगीर आहे. मला कोणी धमकावले नव्हते.

८ तारखेला सकाळी साडेदहाला साहेबांचा ड्रायव्हर बायकोसह आला. साहेब म्हणजे आमच्या भागातून निवडून आलेले पुढारी. ड्रायव्हरच्या डाव्या कानाचा पडदा फाटल्याची डॉक्टरांची चिठ्ठी होती. गाडीचे दार लागले, असे ड्रायव्हर म्हणाला. दोघांना मी आवाजबंद खोलीत बसवले. मी काचेबाहेर हेडफोन लावून बसते. रुग्णाचे "आलं ऐकू" मला कळावे म्हणून आतला माइक चालू असतो. आत बसलेल्यांना हे माहीत नसते.

बायको म्हणाली, "दार लागलं म्हणे! दाराला पाच बोटं असतात का? गाल बघा आरशात."

"गाडी उशिरा आणली मी. साहेबांचा हात उठला, झालं. तू तोंड उघडू नकोस. पोरीच्या कानातलं मशीन कुणी दिलं?"

"मशीन दिलं म्हणून तुमचा कान घ्यायचा?"

मी तपासणी सुरू केली.

अहवालात मी "कारण : अपघात" लिहिले. "रुग्णाच्या सांगण्यानुसार" हे शब्द गाळले. बावीस वर्षांत ते कधी गाळले नव्हते. घाईत राहिले, असे मी स्वतःला सांगत आले. ते खोटे आहे. कान तपासायचे आमचे यंत्र साहेबांनीच रुग्णालयाला दिलेले, त्यावर त्यांच्या नावाची पितळी पाटी आहे. लिहिताना मी तिच्याकडे बघत होते. पुढे बायकोने तक्रार दिली आणि आता साहेबांचे वकील माझाच अहवाल नाचवत आहेत.

साहेबांच्या स्वभावाबद्दल विचारल्यावरून सांगते की, या यंत्रावर चार वर्षांत मी सहाशेहून अधिक मुले तपासली. ड्रायव्हरची मुलगी पहिल्यांदा आईच्या हाकेसरशी वळली, तेव्हा साहेब माझ्या शेजारी उभे होते. ते रडले. फोटोवाला कोणी नव्हता. हेही लिहून घ्या.

हवालदार म्हणाले, "म्हणजे माणूस चांगला, असं घालू?"

नाही.

"मग वाईट घालू? बाई, काहीतरी एक सांगा."

घरी नवऱ्यानेही हेच लावले आहे : "तू काय न्यायाधीश लागून गेलीस? सहाशे पोरं विसरलीस?" विसरले नाही. अकरा दिवस तीच मोजत बसले होते. साहेब कसे आहेत हे मला सगळ्यांनी विचारले. ड्रायव्हरला किती ऐकू येते, हे एकानेही विचारलेले नाही. डाव्या कानाने हळू बोललेले ऐकू येत नाही. त्याची मुलगी हळू बोलते.

हवालदारांनी वरील मजकूर मोठ्याने वाचला. त्यात "साहेब दयाळू आहेत" असे दोनदा आले होते. मी ते खोडायला लावले व दोन्ही ठिकाणी सही केली. उरलेले मी बोलले तसेच आहे.

उद्या सकाळी नऊला : त्याच यंत्रावर ड्रायव्हरची फेरतपासणी.