फुंकायची मनाई

नाही नाही नाना, तुम्ही बसा, खुर्ची मीच ओढतो — आता ओढता येते मला. मध्ये पाण्याचा हंडासुद्धा उचलू द्यायचे नाहीत, छातीचं हाड तारेनं शिवलेलं ना, खोकला आला की आधी उशी कवटाळायची आन् मग खोकायचं. हसताय? मीही हसायचो — आन् हसलं की दुखायचं! पण हे बघा, ओढली खुर्ची, दम लागला का? नाही लागला. रोज सकाळी फिरतो मी. आधी नुसतं गल्लीच्या तोंडापर्यंत, तेही बायकोचा, सलीमाचा हात धरून, मग पिठाच्या गिरणीपर्यंत, आता बोरी नदीचा पूल ओलांडून पलीकडं जातो आन् कुठं न टेकता परत येतो. तेव्हा धाकट्याच्या लग्नाची सुपारी घेऊन तुम्ही बरोबर माणसाकडं आलात. थोरल्याच्या वेळी एरंडोलला मीच होतो की — वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत ट्रम्पेट तोंडावरून खाली आलं नव्हतं, आठवतं? न्यू गुलशन बँडचा असलम मास्तर म्हणजे मीच. दुकानावर पाटी अजून माझ्याच नावाची आहे.

धुळ्याला झालं ऑपरेशन. पायातली शीर काढली, छातीत लावली. दुसऱ्या दिवशी नर्सबाईनं एक प्लास्टिकचं यंत्र हातात दिलं, त्यात तीन गोळ्या, श्वासानं वर उचलायच्या. मी आपलं जोर लावून फुंकलं — गोळ्या जागच्या हलेनात! ती म्हणे, अहो बाबा, फुंकायचं नाही, आत ओढायचं. आता जन्मभर फुंकून भाकरी खाल्लेल्या माणसाला ओढायचं कुठून सुचणार? पण मग ओढलं — तिन्ही गोळ्या वर, आन् वरच! शेजारच्या खाटेवरचे लोक उठून बसले. तेव्हाच मनात म्हटलं, असलम, छाती शाबूत आहे, यंदाच्या लग्नसराईत तू उभा राहशील.

मग तपासणीला गेलो. ते थंडगार मलम लावून छातीचं चित्र काढतात ना, ते झालं, मी पडद्याआड शर्टाची बटणं लावत होतो, आन् सलीमा आन् शेहजाद डॉक्टरांच्या खोलीत. शेहजाद म्हणजे माझा धाकटा भाऊ. अब्बा गेले तेव्हा माझ्या कमरेएवढा होता. ओठ कसे आवळायचे, गाल कसे फुगू द्यायचे नाहीत — आरशासमोर उभं करून मीच शिकवलं त्याला. सलीमा बाहेर आली ती डोळे पुसतच. म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय, चालायचं, फिरायचं, पण फुंकायचं नाही, जन्मात नाही, आतले टाके तुटतील. मी शेहजादकडं बघितलं. तो चपलांकडं बघत होता. मला वाटलं, माझ्यासाठी गलबललाय बिचारा.

मग काय करणार? घरी आलो, अब्बांचं ट्रम्पेट फडक्यानं पुसलं, सगळ्या बँडवाल्यांना बोलावलं आन् सगळ्यांदेखत त्याच्या हातात दिलं. माझ्या हातानं दिलं, नाना. त्यानं माझा हात कपाळाला लावला — आन् घेतलं. घेतलं त्यानं.

आता या अभिमनची गंमत ऐका. पुलावर भेटतो रोज, मंगरूळकडचा शेतकरी, त्याचंही ऑपरेशन माझ्याच वेळी, त्याच डॉक्टरांकडं. तो फवारणीचा पंप पाठीवर मारून उभा! मी ओरडलो, अरे मरशील. तर म्हणतो कसा, ‘मास्तर, माले तं डॉक्टरनी बठ्ठं कराले सांगेल शे. मंग तुम्ही का बरं बठेल शेतस?’ का बरं? हेच डोक्यात फिरायला लागलं — त्याला सगळं करायची मुभा, मग मी का बसलोय? सलीमा भाचीकडं पहूरला गेली होती, मी कुणाला न सांगता एसटी धरली आन् एकटाच धुळ्याला गेलो. डॉक्टर बघून खूश! म्हणाले, काय मास्तर, वाजवायला लागलात ना? मी मागच्या खेपेलाच वहिनींना सांगितलं होतं, हाड जुळलंय, आता थोडं थोडं सुरू करा म्हणून. मी ‘हो हो’ म्हटलं. स्टँडवर येऊन बसलो. अमळनेरच्या गाड्या लागल्या आन् सुटल्या, मला उठताच येईना — आन् छाती तर ठणठणीत होती!

सलीमा परत आल्यावर विचारलं तिला. पोळ्या लाटत होती, लाटणं काही थांबलं नाही. म्हणाली, ‘तुम्ही वरातीत पडलात तेव्हा मी मागंच होते. ट्रम्पेटनं ओठ फाटलेला, तोंड मातीत, आन् लोक नाचत होते. त्यांना वाटलं, मास्तर रंगात येऊन लोळतायत. मला ते पुन्हा बघायचं नाही. मला माझा माणूस पाहिजे, मास्तर नको.’ बायको आहे, भ्याली. तिचं एक वेळ समजतं मला — नाही, समजत नाही, पण गिळतो. शेहजादचं काय? त्याला विचारलं, तर म्हणे, भाभी बोलली, मी गप्प बसलो. नुसता गप्प बसला! आन् मी ट्रम्पेट देत होतो, तेव्हाही गप्प बसला?

एकदा गेलो होतो मी ऐकायला. वरात होती, पाण्याच्या टँकरमागं उभा राहिलो, तोंडाला रुमाल बांधून. खोटं कशाला बोलू, चूक काढायलाच गेलो होतो. कुठंतरी घसरेल, कुठंतरी श्वास तोडेल. नाही तोडला. वरचा सूर त्यानं असा धरला, असा धरला की — मला कधी जमला नाही तसा. अब्बांनाही नाही. लोक नाचत होते, नवरदेव घोड्यावर डोलत होता, मास्तर कुठं आहेत असं एकानंही विचारलं नाही... जाऊ द्या. हे मी तुम्हाला का सांगतोय? कुणाला बोलू नका.

पण तुमच्याकडं मी वाजवणार. दुपारी दुकानाचं शटर ओढून सराव करतो, आमचं एक जुनं ट्रम्पेट आहे, पोचा आलेलं. श्वास पुरतो. ओठ अजून बधिर आहेत, ओठांना रोज लागतं हो, इतके दिवस बसवून ठेवलं तर कसे राहतील? पण येतील. तुमच्या मारुतीच्या पारापाशी एक गाणं तरी — तुम्ही फक्त तारीख सांगा.

काय? परत बोला... पांढरा कोट घालून नुसतं पुढं चालायचं? हातात काठी घेऊन?

हे तुमच्या मनातलं नाही, नाना. कुणी सांगितलं तुम्हाला? शेहजादनं? फोन केला होता? कधी — परवा? म्हणजे तारीखही दिलीत? सुपारीही ठरली?

मग माझ्याकडं कशाला आलात? मास्तरांना भेटून या, त्यांना बरं वाटेल, असं म्हणाला?

नाही, चहा नाही सांगत. उठा तुम्ही. शटर ओढायचंय मला.